जर्मनच्या भंगारावरची मळी मिठात विरघळते का?

भट्टी_मूल

नमस्कार मंडळी. ग्रॅफाइटची मूस, जळकं ऑइल अन् ब्लोअर, एका वेळी ६० किलो माल. भंगार मिसळीचं राहते: जुने जर्मनचे (ॲल्युमिनियमचे) गंज-भगोणे, दुचाकीची इंजिन कव्हरं, खिडक्यांच्या चौकटीचे तुकडे, अन् मधूनमधून लेथवरचा बुरादा. थर्मोकपलवर धातू ७३० ते ७४० अंश दाखवते.

मळी (पातळ धातूवर तरंगणारा कचरा) काढायसाठी बाजारातलं जाडं मीठ टाकतो, अर्धा किलो. ते वरच ढेकळं होऊन पडून राहते. मळी ओली, चकचकीत निघते अन् थंड झाल्यावर फोडली का आत धातूचे दाणेच दाणे. बुराद्याच्या वेळी तर निम्मा माल मळीतच जाते.

पुस्तकात लिहून आहे का मोठ्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा ऑक्साइड वितळलेल्या क्षारात विरघळवूनच धातू काढतात. मळी म्हणजे ऑक्साइडच ना? मग आपल्या मिठात ते काहून विरघळत नाही? क्रायोलाइट टाकलं तर विरघळन का, अन् किती टाकायचं? कृषी केंद्रातला लाल पोटॅश चालते का? अन् शेवटचं, विरघळलेल्या मळीतून वेल्डिंग सेट लावून धातू परत काढता येईल का?

रसायन_वरोरा

भाऊ, आधी सोपं उत्तर. तुमचं मीठ ऑक्साइड विरघळवत नाही ही पुढची गोष्ट, ते अजून वितळलेलंच नाही. साधं मीठ ८०१ अंशांला वितळते आणि तुमचा धातू ७४० वर आहे. नुसता पोटॅशियम क्लोराइड (पोटॅश) घेतला तर तो ७७० ला. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की मात्र मिश्रण ६६० च्या आसपास पातळ होते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वितळबिंदूलाच. म्हणून फ्लक्समध्ये (मळी सोडवायला धातूवर टाकायच्या क्षारांच्या पुडीत) कायम दोन्ही असतात.

आता विरघळण्याबद्दल. ही जोडी वितळून पाण्यासारखी पातळ झाली तरी तिच्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) विरघळत नाही, जवळजवळ शून्य. ॲल्युमिनाचा स्वतःचा वितळबिंदू २००० अंशांच्या वर आहे, इतकी त्यातली ॲल्युमिनियम-ऑक्सिजनची पकड घट्ट. ती सोडवायची तर द्रवात असं काही हवं की जे ऑक्सिजनला बसायला जागा देईल. क्लोराइडच्या द्रवात तशी सोय नाही.

क्रायोलाइटमध्ये आहे. सोडियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरिनचा हा क्षार सुमारे १०१० अंशांला वितळतो. त्यात ॲल्युमिनियम आधीपासूनच फ्लोराइडच्या घोळक्यात फिरत असतो. ॲल्युमिना त्यात पडला की ऑक्सिजन सुटा आयन म्हणून मोकळा होत नाही, तो दोन ॲल्युमिनियमच्या मधे अडकून बसतो. ॲल्युमिना कमी असेल तर दोन ॲल्युमिनियम, एक ऑक्सिजन आणि सहा फ्लोराइड असा जुडगा बनतो. वाढला की दोन ॲल्युमिनियम, दोन ऑक्सिजन, चार फ्लोराइड. म्हणजे हे साखर पाण्यात विरघळण्यासारखं नाही, ही चक्क रासायनिक क्रिया आहे आणि ती फ्लोराइडशिवाय होत नाही.

तरीसुद्धा मर्यादा आहेच. शुद्ध क्रायोलाइटमध्ये वजनाने १० टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिना मावतो. कारखान्यातल्या बाथमध्ये (वितळलेल्या क्षाराच्या द्रवात) तापमान उतरवायला १० ते १३ टक्के जादा ॲल्युमिनियम फ्लोराइड आणि ५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम फ्लोराइड असतो, तिथे ही मर्यादा ७-८ टक्क्यांवर येते. बाथ पातळ राहावा म्हणून जे घालावं तेच विरघळण्याची ताकद खाते. या धंद्यातली ही ओढाताण १८८६ साली हॉल आणि एरू यांनी विजेने ॲल्युमिनियम काढायची ही पद्धत काढली तेव्हापासूनची.

दुसरे ऑक्साइड काय करतात तेही सांगून ठेवतो. चुना आणि सोडा आत गेले की ॲल्युमिनियम फ्लोराइडशी क्रिया करून स्वतः फ्लोराइड होतात आणि बदल्यात ॲल्युमिना सोडतात. नुकसान होते ते महागड्या फ्लोराइडचं. गंज (लोखंडावरचा, तुमच्या भांड्याचा नव्हे) आणि वाळू थोड्या विरघळतात, पण त्यातलं लोखंड आणि सिलिकॉन थेट धातूत उतरते. एकदा उतरलं की काढायचा स्वस्त मार्ग नाही. तुमच्या मुशीतही लोखंडी झारा उघडाच बुडवून ठेवला तर तेच होणार. झाऱ्याला चुन्याचा किंवा झिंक ऑक्साइडचा लेप देऊन वाळवून वापरा.

पॉटरूम_गोंदिया

वरच्या उत्तराला प्लांटची बाजू जोडतो, कारण "क्रायोलाइटमध्ये विरघळते" हे पुस्तकात एका ओळीचं काम आहे आणि पॉटवर (विजेने ॲल्युमिनियम काढायच्या हौदावर) दिवसभराचं.

३०० किलोअँपिअरचा एक पॉट धरा. १००० अँपिअरला तासाला जास्तीत जास्त ३३६ ग्रॅम धातू, हा फॅरेडेचा हिशेब. करंटची कार्यक्षमता ९४ टक्के धरली तर दिवसाला सव्वादोन टनांच्या थोडा वर. एक किलो धातूला १.९२ किलोच्या आसपास ॲल्युमिना लागतो, म्हणजे मिनिटाला ३ किलो पावडर विरघळलीच पाहिजे, रात्रंदिवस. चार फीडर असतील आणि प्रत्येकाचा डोस १ किलोचा असेल तर प्रत्येक फीडर साधारण ८० सेकंदांनी एकदा पडतो. आधी ब्रेकर कवच फोडतो, मग त्या भोकातून डोस जातो.

अडचण उष्णतेची आहे. बाथ ९५५-९६५ अंशांवर चालतो आणि गोठणबिंदूपेक्षा जेमतेम ५ ते १५ अंश वर असतो. एक किलो ॲल्युमिना नुसता बाथइतका तापवायला सुमारे १ मेगाज्यूल लागते, विरघळायला लागते ती वेगळी. तेवढ्यानेच १०० किलो बाथ ५ अंशांनी उतरतो. मग पावडर पडली की तिच्याभोवतीचा बाथ गोठतो, पावडर आणि गोठलेला बाथ यांचा तराफा तयार होतो. दाणे सुटे पसरले तर १० सेकंदांच्या आत विरघळतात. तराफा झाला तर मिनिटं लागतात. बाथ २.१ घनतेचा, पातळ धातू २.३ चा, ॲल्युमिना ३.९ चा. न विरघळलेला गोळा जड झाला की धातूच्या थरातूनही खाली उतरतो आणि तळाशी चिखल साचतो. त्याला आम्ही स्लज म्हणतो. तो कार्बनच्या तळावर बसला की करंट आडवा पळतो, धातू हलायला लागतो, व्होल्टेज नाचते.

उलट कमी टाकला, बाथमधला ॲल्युमिना दीड-दोन टक्क्यांच्या खाली गेला, की ॲनोड इफेक्ट. ४.२ व्होल्टवर चाललेला पॉट उडी मारून २०-३० व्होल्टवर जातो आणि कार्बन टेट्राफ्लोराइड वायू सुटतो. म्हणून पॉट २ ते ४ टक्क्यांत ठेवायचा, भरपेट कधीच नाही. नवख्या माणसाला वाटते की मर्यादा ८ ची आहे तर ६ वर ठेवायला काय हरकत. ६ वर गेल्यावर पुढचा डोस विरघळायला इतका रेंगाळतो की तो तळालाच जातो.

पावडरही कशीही चालत नाही. ४५ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग १० टक्क्यांच्या आत लागतो, नाहीतर ती उडते आणि भोकात गच्च बसते. जास्त भाजलेला, अल्फा प्रकाराचा ॲल्युमिना आळशी असतो. कमी भाजलेल्या वाळूसारख्या ॲल्युमिनात टक्काभर पाण्याचा अंश उरलेला असतो, तो बाथला लागताच वाफ होऊन पावडर फाकवतो आणि विरघळणं सोपं होते. त्याच पाण्यापायी हायड्रोजन फ्लोराइड पण तयार होतो, म्हणून पॉटवर झाकणं आणि गॅस ओढायची सोय असतेच.

वेल्डिंग सेटचं उत्तर यातच आहे. २०० अँपिअरवर, एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं तरी तासाला ६७ ग्रॅम. तेवढ्यासाठी ९६० अंशांचा फ्लोराइडचा हौद उघड्यावर तापता ठेवायचा आणि त्याचा धूर अंगावर घ्यायचा. विचारच सोडा.

मूसवाला_हिंगणघाट

दोघांनी सांगितलं ते बराबर आहे, पण भट्टी_मूल भाऊला विरघळवायचंच नाहीये. मळीत अडकलेला धातू सोडवायचा आहे. ते काम वेगळं आणि त्याला फ्लोराइड चिमूटभरच लागते.

मळीतला प्रत्येक दाणा ऑक्साइडच्या पातळ कातडीत गुंडाळलेला असतो. दोन दाणे शेजारी टेकले तरी कातडीमुळे एक होत नाहीत. वितळलेलं मीठ-पोटॅश दाण्याभोवती पसरते, हवा तोडते. त्यातलं थोडं फ्लोराइड कातडीच्या भेगांतून आत शिरते, धातू आणि कातडी यांच्या मधली पकड सोडवते. कातडी सोलून मिठात जाते, तिथे न विरघळता तरंगत राहते, दाणे एकमेकांत मिळतात आणि खाली बसतात. फ्लोराइड नसेल तर मीठ नुसतं झाकण म्हणून राहते.

माप असं. पांढरा पोटॅशियम क्लोराइड ४७ भाग, मीठ ४७, क्रायोलाइट ६, सगळं वजनाने. भगोणी, कव्हरं असा जाड माल असेल तर धातूच्या १ ते २ टक्के, म्हणजे ६० किलोला ६०० ग्रॅम ते १.२ किलो. बुराद्याला १० टक्क्यांपर्यंत जावं लागते. कारण हे: सोललेली कातडी मिठात साठत जाते तसतसं मीठ पातळ न राहता लापशीसारखं होते. लापशी झाली की दाणे तिच्यातच अडकतात आणि परत मळी ओली. फिरत्या भट्ट्यांत म्हणूनच अधातू कचऱ्याच्या एक ते दीडपट मीठ घेतात. तुमच्या मिठाची ढेकळं वितळत नव्हती, त्यामुळे तुम्ही आजवर शून्य पट वापरत होता असं समजा.

लाल पोटॅश नको. त्याचा लाल रंगच लोहाच्या ऑक्साइडचा आहे, वरून ढेकळं होऊ नयेत म्हणून लावलेला तेलकट लेप. तो जळून धूर आणि कार्बन करतो. शिवाय अनुदानाचं खत भट्टीत घालणं कायद्याने चालत नाही. रसायनांच्या दुकानातला पांढरा घ्या.

जाडं मीठ तसंच टाकू नका. खड्याच्या आत पाणी कोंडलेलं असते, म्हणून तर तव्यावर तडतडते. लोखंडी कढईत तडतड पूर्ण थांबेपर्यंत भाजा, मग कुटा, मग पोटॅश आणि क्रायोलाइट मिसळा, आणि झाकणाच्या डब्यात भट्टीच्या उबेला ठेवा. पावसाळ्यात हे चुकलं तर मिठातलं पाणी धातूत हायड्रोजन सोडते आणि कास्टिंगला बारीक भोकं पडतात. ओलं मीठ धातूच्या आत दाबलं गेलं तर धातू उसळून तोंडावर येतो.

टाकायची पद्धत: धातू पूर्ण वितळून ७२०-७४० वर आला की निम्मा फ्लक्स वर पसरा. पातळ होऊन चमकायला लागला की तापवलेल्या झाऱ्याने मळी त्यात तीन-चार मिनिटं घोळवा, धातूच्या आत फार खोल नाही. उरलेला मग टाका. मळी काळपट, कोरडी, वाळूसारखी सुटी झाली की काढा. ओलसर चमकत असेल तर फ्लक्स कमी पडला किंवा धातू थंड आहे. ७८० च्या वर नेऊन काम उरकायची घाई केली तर मळीतला धातू स्वतःच पेटतो; पांढरा लखलखाट दिसला म्हणजे पैसे जळून राहिले.

बुराद्याला वेगळं. आधी त्यातलं कटिंग ऑइल धुऊन सुकवा. मुशीत १५-२० किलो पातळ धातू राखा, त्यावर फ्लक्सचा थर वितळवा आणि बुरादा थोडाथोडा करून झाऱ्याने धातूखाली दाबा. वरून ढीग ओतला तर ज्वाळेतच अर्धा ऑक्साइड होतो. हातप्रेसवर बुराद्याच्या वड्या पाडल्या तर आणखी चांगलं.

भट्टी_मूल

बहुत धन्यवाद. दोन शंका. एक, चौकटीच्या मालात मॅग्नेशियम राहते म्हणतात, क्रायोलाइट ते खाऊन टाकते असं ऐकलं. दोन, मूस या फ्लक्सनं लवकर जाईल का?

रसायन_वरोरा

खाते, पण किती ते बघा. मॅग्नेशियम क्रायोलाइटमधल्या ॲल्युमिनियमची जागा घेते आणि मॅग्नेशियम फ्लोराइड होते. १ किलो मॅग्नेशियमला पावणेसहा किलो क्रायोलाइट लागते. तुमचे ६० किलो सगळे चौकटीचेच असले आणि त्यात अर्धा टक्का मॅग्नेशियम असलं तर ते ३०० ग्रॅम. १ किलो फ्लक्समधलं क्रायोलाइट ६० ग्रॅम, ते फार तर १० ग्रॅम खाईल. काही बिघडत नाही. इंपेलर किंवा कव्हर ओतायचं असेल तर विसरूनच जा.

खरी काळजी २ टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत घ्यायची. तिथे फ्लक्समधलं सोडियम धातूत शिरते आणि माल गरम असताना तडकतो. तसा माल वेगळा काढा आणि त्याला सोडियम नसलेला तयार फ्लक्स घ्या. मॅग्नेशियम असलेल्या मालाची ऑक्साइडची कातडीही जास्त चिवट असते, स्पिनेलची (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या जोड ऑक्साइडची), म्हणून तिथे मळी घोळवायला एक-दोन मिनिटं जास्त द्या. भंगारात काय आलं हे नुसतं बघून कळत नाही. कास्टिंगचा धंदा वाढवायचा असेल तर एखादा नमुना स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या. नागपूरजवळ वाडीला ॲल्युमिनियमचं सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

मूसवाला_हिंगणघाट

मुशीचं: फ्लक्स मुशीच्या भिंतीवरचा चकाकीचा थर खातो, विशेषतः धातूच्या वरच्या रेषेवर. तिथे खाच पडत जाते. म्हणून फ्लक्स मधोमध पसरायचा, कडेला नाही. रिकाम्या मुशीत कधीच टाकायचा नाही. आणि ओतून झाल्या-झाल्या मूस लाल असतानाच भिंतीवरचं मीठ-मळी लाकडी दांडक्याने हलक्या हाताने खरवडायची. थंड झाल्यावर छिन्नी मारली की मूस गेली. धूर वर जायला छपराला धुराडं आणि तोंडाला चांगला मास्क ठेवा, क्रायोलाइट गरम झालं की त्याचा धूर नाकाला झोंबतो.

पॉटरूम_गोंदिया

एका गोष्टीकडे कोणी बघितलं नाही: काढलेली मळी टाकता कुठे? नवीन पद्धतीने आता त्यात मीठ, पोटॅश आणि फ्लोराइड जास्त राहणार.

ती धुऱ्यावर किंवा नाल्यात टाकू नका. मिठातलं सोडियम काळ्या कापसाच्या मातीत मुरलं की चिकणमातीचे कण सुटे होतात. पाणी जिरत नाही आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. फ्लोराइडचं तर चंद्रपूर-यवतमाळच्या कित्येक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात आधीच जास्त प्रमाण आहे, त्यात आपण भर घालायची नाही.

दुसरं, ही मळी पाण्याने ओली झाली की शांत बसत नाही. भट्टीच्या उष्णतेत धातूचा काही भाग हवेतल्या नायट्रोजनशी जोडून नायट्राइड होतो, काही कार्बनशी जोडून कार्बाइड. पाणी लागलं की नायट्राइड अमोनिया सोडते, कार्बाइड मिथेन, आणि उरलेला बारीक धातू हायड्रोजन. पावसात भिजलेल्या ढिगाला झणझणीत वास येतो तो अमोनियाचा. म्हणून बंद खोलीत साठवू नका, जवळ विडी नको, आणि भिजलेल्या मळीचं डबडं घट्ट झाकण लावून ठेवू नका, ते फुगते.

पत्र्याच्या छपराखाली, सिमेंटच्या ओट्यावर, उघड्या तोंडाच्या ड्रममध्ये, कोरडी. मोठे तुकडे गरम असतानाच चाळून धातूचे दाणे परत मुशीत घाला. थंड झाल्यावर कुटून ३-४ मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहते तेही चालते. चाळणीखालची पूड घातक कचऱ्यात धरली जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात विचारून ती अधिकृत ठिकाणीच पाठवायची. आपल्याकडे अशा कचऱ्याची सामाईक व्यवस्था बुटीबोरीला आहे. महिन्याला किती पूड निघते ते वजन करून लिहून ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि तो आकडा धातूच्या १० टक्क्यांच्या वर दिसत असेल तर आधी थर्मोकपल तपासा, नंतर मीठ नीट भाजलं जाते का ते.